मे महिन्यात उघडणारं गेट ऑगस्टमध्ये का अडतं? काळ्या मातीवर अंगणाची फरशी पक्की बसवताना

आमच्या घराचं लोखंडी गेट मे महिन्यात एका बोटाने ढकललं तरी उघडायचं. खाली दोन बोटं फट राहायची. पोळ्याच्या सुमारास तेच गेट फरशीला घासायला लागायचं, आणि गणपती आणायच्या दिवशी दोघांनी उचलून धरल्याशिवाय हलायचं नाही. पहिल्या वर्षी वाटलं, बिजागरी उतरली असेल. वेल्डर आला, त्याने खालची पट्टी अर्धा इंच कापून दिली. पुढच्या उन्हाळ्यात फट आणखी मोठी झाली, आणि श्रावण सरत आला तशी घासाघीस पुन्हा सुरू.

गेट जागेवरच होतं. त्याच्या खांबांचा पाया सहा-सात फूट खाली मुरमात गेलेला होता. वरखाली होत होती ती फरशी, आणि फरशीला हलवत होती तिच्या खालची माती.

मी इंजिनिअर नाही. पण परभणीच्या बाजूला, गोदावरीच्या पट्ट्यात घर बांधलं, एकाच अंगणाच्या फरशीचे पैसे दोनदा मोजले, आणि तिसऱ्यांदा मात्र गुत्तेदाराच्या भरवशावर न राहता प्रत्येक थराशी उभा राहिलो. त्या तिसऱ्या वेळेला जे कळलं ते इथे सांगतो. आपल्याकडे फरशी विकत घेताना लोक रंग, डिझाइन आणि चौरस फुटाचा भाव एवढंच विचारतात. टिकण्याशी त्यातल्या एकाही गोष्टीचा फारसा संबंध नाही.

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या बोलीत शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. पेरायचं काळीत, राहायचं पांढरीत. पिढ्यान् पिढ्या घरं पडून, राख-माती साठून उंच झालेली ती पांढरी माती पावसात विशेष फुगत नाही. माळवदावर टाकायलाही तीच माती. आजोबांच्या वाड्याच्या अंगणात शहाबादी फरशा नुसत्या मातीवर टेकवलेल्या होत्या आणि माझ्या आठवणीत त्या कधी हलल्या नाहीत. त्या बसवणाऱ्याचा हात चांगला असेलच, पण निम्मं काम पांढरीने केलेलं होतं.

आता आपल्या कॉलन्या उभ्या राहतात त्या काळीत. काल-परवापर्यंत जिथे कापूस नाहीतर सोयाबीन होतं, तिथे शेतजमीन बिगरशेती होऊन प्लॉट पडतात. आणि गवंडी मात्र फरशी बसवतो ती पांढरीत बसवल्यासारखीच: वरची माती सारखी करायची, चार बोटं वाळू नाहीतर डस्ट (खडी फोडताना पडणारी भुकटी) टाकायची, वर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक.

काळी माती झाली बेसाल्टची झीज होऊन. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं, तोच हा काळा पाषाण. तो कुजून जी चिकणमाती बनते तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्रे, एकावर एक रचलेले. पाणी या पापुद्र्यांच्या मधल्या फटींतसुद्धा शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून लांब ढकलतं. पावसात भिजलेली शाळेची वही आठवा. पानं तेवढीच असतात, पण वही दुप्पट जाड होऊन मिटत नाही. काळी माती तशी फुगते. उन्हाळ्यात पाणी उडून गेलं की आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला त्या भेगांचा फायदा आहे. वरची माती भेगांत पडते आणि जमीन आपोआप वरखाली होते. घरमालकाला मात्र तोच प्रकार महागात जातो.

मराठवाड्यात वर्षभराचा पाऊस साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले महिने कोरडे, त्यात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे. म्हणजे माती दरवर्षी एकदा पोटभर पिते आणि एकदा पार वाळते. बारमाही ओल असलेल्या ठिकाणी हीच माती एवढा त्रास देत नाही. त्रास ओलीचा नसून ओल बदलण्याचा आहे, आणि पुढचे सगळे उपाय या एका गोष्टीभोवती फिरतात.

फरशीच्या मधोमध आणि कडेला वेगळं का होतं, तेही यातूनच कळतं. फरशीने झाकलेल्या मधल्या मातीतली ओल फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र पावसात भिजते, उन्हात वाळते. म्हणून पावसाळ्यात कडा उचलतात, उन्हाळ्यात कडा बसतात आणि मध्ये पाठीसारखा उंचवटा दिसतो. गुत्तेदार म्हणतो, मधला भाग फुगला. बऱ्याचदा तो जागेवरच असतो; कडा खाली गेलेल्या असतात.

आधी खड्डा, मग रॉकेल

सगळा मराठवाडा सारखा काळा नाही. बालाघाटच्या डोंगरावर कित्येक ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तर गोदाकाठी पहार पुरत नाही एवढी खोल काळी. म्हणून पहिलं काम म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात तीन फूट खड्डा घेऊन बघणं. दीड-दोन फुटांवर मुरूम लागला तर नशीब समजा. तेवढी काळी काढा आणि निर्धास्त व्हा. तीन फुटांखालीही काळीच असेल तर पुढचं सगळं नीट वाचा.

माती किती फुगणारी आहे हे घरी बघता येतं. मातीच्या प्रयोगशाळेत जी 'फ्री स्वेल' चाचणी करतात तिचंच हे घरगुती रूप. प्रयोगशाळेत ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली दहा दहा ग्रॅम कोरडी माती १०० मिलिलिटरच्या दोन नळ्यांत घेतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. पाणी पापुद्र्यांत शिरतं, रॉकेल शिरत नाही. चोवीस तासांनी दोन्हींतली मातीची उंची बघायची. रॉकेलमध्ये १२ मिलिलिटर आणि पाण्यात २० भरली, तर फुगवण ८ भागिले १२, म्हणजे सुमारे ६७ टक्के. पन्नासच्या पुढे गेलं की सावध व्हायचं.

घरी मी दोन सारख्या काचेच्या बाटल्या घेतल्या, माती उन्हात खडखडीत वाळवून पिठाच्या चाळणीने चाळली (त्यावरून घरात दोन दिवस बोलणी खाल्ली, ती चाळणी आता कायमची माझी) आणि दोन्हींत सारखे चमचे टाकले. रेशनचं रॉकेल आता कुठे मिळतंय? रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन वापरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टर्पेंटाइनच्या बाटलीत माती अंगठ्याच्या पेराएवढी आणि पाण्याच्या बाटलीत जवळजवळ दोन पेरं. गेट का अडतं याचं उत्तर खिडकीत ठेवलेल्या त्या दोन बाटल्यांत दिसलं.

हीच चाचणी मुरमाचीही करा. मुरमाच्या नावाखाली हायवा भरून काय येईल सांगता येत नाही. चांगला मुरूम हातात घेतला की खरखरीत लागतो, ओला करून दाबला की गोळा होतो, पण हाताला साबणासारखा बुळबुळीत लागत नाही. मूठभर मुरूम ग्लासभर पाण्यात ढवळा. बहुतेक माल मिनिटभरात तळाशी बसला तर ठीक. तासाभरानेही पाणी चहासारखं गढूळच असेल तर तो मुरूम रंगाने पिवळा असला तरी गुणाने काळीचाच भाऊ आहे. गाडी परत पाठवा.

वाळू नको, मुरूमच का?

पहिल्या वेळी माझ्या अंगणात काळीवर थेट सहा इंच वाळू टाकली होती. ऐकायला बरं वाटतं: वाळूतून पाणी निघून जाईल. पण जाणार कुठे? चारी बाजूंनी काळी मातीच. तो वाळूचा थर म्हणजे जमिनीत पुरलेला हौद झाला. फरशीच्या फटींतून आलेलं पाणी वाळूत साठलं, तिथून निवांतपणे खालच्या काळीला मिळत राहिलं, आणि काळी फुगून वाळूत घुसली. दोन वर्षांनी ब्लॉक उपसले तेव्हा वाळू शोधावी लागली. काळी चिखलासारखी वर आली होती आणि वाळू तिच्यात जिरली होती.

आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर पुष्कळ काम केलं आहे. काळीवर न फुगणाऱ्या, पण चिकटून राहणाऱ्या मातीचा थर दाबून बसवला तर तो खालच्या फुगवट्याला आवर घालतो, हे त्यांनी दाखवलं. कालव्यांच्या कामात हा उपाय वापरला जातो. यात दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. न फुगणारी हवी, म्हणून काळी बाद. आणि धरून राहणारी हवी, म्हणून सुटी वाळूही बाद. आपल्या भागात या दोन्ही अटींत बसणारा आणि परवडणारा माल म्हणजे चांगला मुरूम. कालव्यासाठी हा थर मीटरभर जाड लागतो. अंगणाला आपण तेवढं खोल जात नाही. त्यामुळे हालचाल शून्य होईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ती कमी होते, आणि मुख्य म्हणजे सगळीकडे सारखी होते. सगळं अंगण मिळून पाव इंच वर गेलं तर कुणाला कळतही नाही. एक कोपरा पाव इंच गेला की ठेच लागते.

किती खोल, किती माल

चालण्यापुरतं अंगण किंवा बागेतली वाट असेल तर मी दीड फूट, म्हणजे ४५० मिलिमीटर खोदाई धरतो. त्यात खालून वर २४० मिलिमीटर मुरूम, १२० मिलिमीटर खडी, ३० मिलिमीटर क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणि ६० मिलिमीटरचा ब्लॉक. फरशीची शेवटची पातळी शेजारच्या मातीपेक्षा इंच-दीड इंच वर हवी, तेवढा मुरूम जास्त टाका. खोदाई फरशीच्या कडेवर थांबवू नका. चारी बाजूंनी वीतभर बाहेर जा, कारण कडेचा दगड त्याच मुरमावर बसणार आहे. चारचाकी उभी करायची असेल तर मुरूम फूटभर आणि खडी आठ इंच करा. पेव्हर ब्लॉकसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५६५८. त्यात हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटरचा आणि मध्यम वाहतुकीला ८० मिलिमीटरचा ब्लॉक सांगितला आहे. घरची गाडी ६० वर उभी राहते. पाण्याचा टँकर दारात येत असेल (आणि आपल्याकडे कुणाच्या येत नाही?), तर ८० घ्या.

हिशोब ब्रासमध्ये करू, कारण गाडीवाला तीच भाषा बोलतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दहा बाय वीस फुटांचं अंगण, २०० चौरस फूट. दीड फूट खोदलं की ३०० घनफूट, म्हणजे तीन ब्रास काळी निघते. पण उकरलेली माती भुसभुशीत होऊन पंचवीस-तीस टक्के वाढते, म्हणजे उचलायला चार ब्रास धरा. ती फेकू नका, तुमच्या बागेला किंवा कुणाच्या तरी मळ्याला तिच्यासारखी माती नाही. मुरूम दाबून सुमारे १६० घनफूट लागतो. सुटा मागवताना दोन ब्रास. खडी एक ब्रास. क्रश सँड पाव ब्रास, आणि फटी भरायला थोडी वेगळी. गुत्तेदाराचा अंदाज याच्या निम्मा असेल तर त्याने थर निम्मे धरलेत, एवढं समजून बोलणी करा.

आता वेळ. आपल्याकडे अशी कामं उन्हाळ्यात काढायची पद्धत आहे: लग्नसराई, सुट्ट्या, गवंडीही मोकळा. पण मेमध्ये काळी सगळ्यात जास्त आक्रसलेली असते. तेव्हा बसवलेली फरशी पहिल्याच पावसाळ्यात वर ढकलली जाणार. ऑगस्टमध्ये उलटं: फुगलेल्या मातीवर बसवली की उन्हाळ्यात खाली बसणार. मधली वेळ साधायची असेल तर पाऊस सरल्यावर जमीन वाफशावर आली की काम काढा, साधारण दसरा-दिवाळीच्या पुढे. रब्बीची पेरणी ज्या ओलीवर करतो, तीच ओल अंगणालाही चांगली.

धुम्मस आणि वाफसा

मुरूम टाकून त्यावर दोन दिवस पाइप सोडून ठेवायचा आणि 'पाण्यानं बसतंय सायेब' म्हणायचं, ही आपल्याकडची आवडती रीत. वाळू पाण्याने काही प्रमाणात बसते. मुरूम पाण्याने चिखल होतो, आणि ते सगळं पाणी खालच्या काळीला जातं. मुरूम बसतो ठोकून. तो ठोकताना पाणी लागतं, पण मोजकं.

किती, याचं उत्तर १९३३ मध्ये अमेरिकेत आर. आर. प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरने धरणाच्या मातीसाठी शोधलं. प्रत्येक मातीची एक ठरावीक ओल असते. त्या ओलीला ठोकली की ती सगळ्यात घट्ट बसते. त्याहून कोरडी असेल तर कण एकमेकांवर घासून अडतात, त्याहून ओली असेल तर मधलं पाणी कणांना जवळ येऊ देत नाही. शेतकऱ्याला हे नवीन नाही. त्याचा वाफसा म्हणजे अशीच मधली ओल, काम वेगळं एवढंच. मुरूम मुठीत घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे, तळहात ओला होता कामा नये, आणि कमरेच्या उंचीवरून गोळा टाकला की फुटून चार-पाच तुकडे व्हावेत. भुगा झाला तर झारीने पाणी शिंपडा. चपटा होऊन बसला तर दुपारपर्यंत उन्हात पसरून ठेवा.

थर पातळ टाका. हाताच्या धुम्मसाने ठोकणार असाल तर सुटा थर चार इंच, प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने आणला तर सहा इंच. एका दमात फूटभर मुरूम टाकून वरून मशीन फिरवलं की वरचे पाच-सहा इंच घट्ट होतात आणि खालचं भुसभुशीत तसंच राहतं. ते बसतं पुढच्या दोन वर्षांत, तुमची फरशी घेऊन. आमच्याकडे आलेले मिस्त्री साठीचे होते. प्रत्येक थर झाला की त्यावर टाचेने जोरात आपटून ते खाली बघत. टाचेचा ठसा उठला की बिगाऱ्याला म्हणत, "अजून दोन हात मार रे बाबा, पोट भरलं नाही त्याचं." पहारीचं टोकही घालून बघत, बोटभर गेली की पुन्हा ठोक.

मुरूम टाकण्याआधी खड्ड्याच्या तळाशी, काळीवर जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं तर काळी वर येऊन मुरमात मिसळत नाही. जोड एक फूट एकमेकांवर चढवा. खर्च फार नाही. मी तिसऱ्या वेळी घातलं आणि हे पहिल्यांदाच का केलं नाही, याची हळहळ वाटली.

खडी एकाच मापाची नको. मोठी, बारीक आणि कच अशी मिसळलेली हवी. मोठ्या खडीच्या फटी बारीक खडी भरते. रस्त्याच्या कामावर तिला वेट मिक्स म्हणतात. तीही दोन थरांत, ओलसर करून ठोकायची.

उतार दोनदा द्यायचा

वरच्या फरशीला उतार द्यायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे. फुटाला पाव इंच पुरतो. दहा फुटांवर अडीच इंच. जोत्यापासून बाहेर, आणि फरशी जोत्याच्या माथ्यापासून निदान सहा इंच खाली. लेव्हल ट्यूबमध्ये पाणी भरून दोन टोकांना खुणा करा. डोळ्यांच्या अंदाजावर कुणालाही जाऊ देऊ नका, मिस्त्री कितीही जुना असो.

लोक चुकतात ते खालच्या उताराला. खड्ड्याचा तळ सपाट किंवा उलट्या उताराचा राहिला तर मुरमातून झिरपलेलं थोडंफार पाणी तिथेच साठतं. तोच उतार तळालाही द्या, आणि सगळ्यात खालच्या कडेला खडी भरलेली एक अरुंद चारी काढून ते पाणी अंगणाबाहेर न्या. माझ्या दुसऱ्या फरशीचं मरण इथे होतं. मुरूम चांगला, ठोकणंही बरं, पण तळ घराकडे उतरता. पाणी जोत्याला टेकून बसायचं.

आणि छपराचं पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एका रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी उतरतं. ते एका पाइपमधून फरशीच्या एकाच कोपऱ्यात पडत असेल तर खालचे थर कितीही चांगले असले तरी तो कोपरा जाणार. हे पाणी पाइपने थेट बोअरच्या पुनर्भरणाला किंवा शोषखड्ड्याला न्या. शोषखड्डा फरशीच्या कडेला खोदू नका, दहा फूट तरी लांब ठेवा. पाणी मुरवायला हवंच, आपल्या भागात तर पुण्याचं काम आहे; फक्त फरशीच्या पोटात नको.

आधी कड, मग फरशी

पेव्हर ब्लॉक एकमेकांना धरून उभे असतात. एका ब्लॉकवर पडलेलं वजन फटींतल्या वाळूच्या घर्षणाने शेजारच्यांवर वाटलं जातं. कड मोकळी सोडली की शेवटचा ब्लॉक बाहेर सरकतो, फट उघडते, वाळू निघून जाते, मग त्याच्या शेजारचा सुटतो. मातीच्या बंधाऱ्याला एक भोक पडावं तसं. म्हणून कर्बचे दगड आधी बसवा, खाली आणि मागच्या अंगाला काँक्रीट भरून, आणि दोन-तीन दिवस त्यांना पाणी मारा. फरशी त्यानंतर.

क्रश सँडचा थर घालताना इंचभर जाडीचे दोन पाइप समांतर ठेवायचे, मध्ये वाळू ओतायची आणि त्यांवरून ॲल्युमिनियमची पट्टी ओढायची. पाइप काढून त्यांच्या खाचा भरायच्या आणि त्यावर पाय ठेवायचा नाही. आधी बसवलेल्या ब्लॉकवर बसून पुढचे लावत जायचं. खडीचा थर कुठे खाली राहिला असेल तर तो खळगा वाळूने भरण्याचा मोह होतो. वाळू जिथे जाड तिथे फरशी जास्त बसते. खळगा खडीनेच भरा. धुतलेल्या क्रश सँडऐवजी स्वस्तातली डस्ट आणली तर तिच्यातली पिठी पाणी धरून ठेवते. गुत्तेदार म्हणेल सगळे तीच वापरतात, आणि ते खरंही आहे.

ब्लॉकमध्ये दोन ते चार मिलिमीटर फट, पूर्ण कोरडी बारीक वाळू झाडूने घालायची, प्लेट फिरवायची, पुन्हा वाळू, पुन्हा प्लेट. गाडीच्या जागेला विटांच्या तिरप्या विणीसारखी, म्हणजे हेरिंगबोन मांडणी घ्या. सरळ रेषेतल्या फटी चाकाच्या रेट्याने उघडतात, तिरप्या विणीत त्या एकमेकींना अडवतात.

शहाबादी आवडत असेल तर जरूर घाला. ती कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादकडची, चुनखडीचा दगड आहे. आपल्या भागातल्या कित्येक घरांत तीच दिसते. बाहेर घालायची तर दीड इंचाहून पातळ नको. खालची बाजू खडबडीत असते, म्हणून प्रत्येक फरशी टेकवून, उचलून, खाली कुठे ठसा उमटला नाही ते बघून वाळू भरायची. बसल्यावर लाकडी थापीने ठोकून ऐका. बद्द आवाज आला की खाली पोकळी आहे. ॲसिडने तिला कधीच धुवू नका, चुनखडी ॲसिडमध्ये विरघळते.

खाली चार इंच काँक्रीट ओतून वर सिमेंटमध्ये फरशी पक्की करायची, हा आपल्याकडचा 'मजबूत' उपाय. मुरमाड जमिनीवर तो चालतो. खोल काळीवर माझं मत विचाराल तर नको. माती हलणारच, काँक्रीट लवत नाही, ते पापडासारखं तडकतं, आणि तडकलं की फोडून काढण्यावाचून इलाज नाही. सुट्या ब्लॉकची फरशी थोडी लवते, आणि बिघडली तर तेवढीच उचलता येते.

जिथे दीड फूट खोदणं शक्यच नाही, खाली पाइपलाइन किंवा केबल आहे, तिथे चुन्याचा उपाय आहे. चुन्यातलं कॅल्शियम त्या पापुद्र्यांना धरून ठेवतं आणि माती फुगायची कमी होते. शंभर चौरस फुटांवर सहा इंच थर म्हणजे सुमारे दोन टन कोरडी माती; तिच्यात चार टक्के, म्हणजे ८५ किलोच्या आसपास विरवलेला चुना, ढेकळं फोडून, पाणी शिंपडून एकजीव मिसळायचा आणि ठोकायचा. ढेकळं फोडणं हेच खरं कष्टाचं. अख्ख्या ढेकळाच्या पोटात चुना जात नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. कळीचा चुना तर घरच्या कामात आणूच नका, पाणी लागताच तो उकळतो आणि डोळे जातात.

लिंबाजवळचा कोपरा

झाडाचा विचार मी तिसऱ्या वेळीही पुरता केला नव्हता. आमच्या अंगणात कडूलिंब आहे, घराच्या आधीपासूनचा. उन्हाळ्यात तो आजूबाजूच्या काळीतलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे त्याच्याभोवतीची माती बाकी अंगणापेक्षा जास्त आक्रसते. शिवाय मुळं आहेतच. बुंध्याभोवती चारी बाजूंनी चार-पाच फूट मोकळी जागा सोडून आळं करावं, असं मिस्त्री म्हणाले होते. मला पार्किंगला जागा हवी होती, म्हणून मी दोनच फूट सोडली.

गेट आता पोळ्यालाही एका बोटाने उघडतं. खांबावर मी दर मे आणि ऑगस्टला पेन्सिलीने फरशीच्या पातळीची खूण करतो. दोन खुणांत आता आगपेटीच्या काडीएवढंच अंतर असतं. फटींतली वाळू पहिल्या पावसानंतर थोडी खाली बसली होती, ती दिवाळीला पुन्हा झाडून भरली. मुंग्या दरवर्षी थोडी वाळू बाहेर काढतात, तीच पुन्हा आत लोटतो.

लिंबाजवळचे दहा-बारा ब्लॉक मात्र अजून हलतात. दरवर्षी पाऊस सरला की ते पेचकसाने उचलतो, खालची क्रश सँड सारखी करतो आणि रबरी हातोड्याने पुन्हा बसवतो. तासाभराचं काम आहे.